काजळ आणि शनिवारच्या पोळ्या

आमच्या काजळला खरूज नव्हती. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण जळगावातल्या आमच्या कॉलनीत निम्म्या लोकांना अजून तसंच वाटतं आणि उरलेल्यांना कुत्रीबद्दल काही वाटायची गरजच वाटत नाही. तिला खरूज नव्हती, गोचीड नव्हते, कुणाची दृष्ट लागली नव्हती आणि आमच्या घरात कसला दोषही नव्हता. तिला गहू सोसत नव्हता. एवढी साधी गोष्ट कळायला आम्हाला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात तिनं जे भोगलं त्याचा मला अजून राग येतो, आणि राग आहे तोवरच हे लिहून टाकावं म्हणून बसले आहे. तुमच्या घरातलं कुत्रं बारा महिने कान खाजवत असेल तर हे वाचा. नसेल तरी वाचा, कारण शेजाऱ्याचं खाजवत असेल आणि तुम्ही त्याला बिस्किटं टाकत असाल.

मी शाळेत मराठी शिकवते. माझा आवाज मोठा आहे आणि तो घरी आल्यावरही लहान होत नाही, असं माझा नवरा दिलीप म्हणतो. त्याला म्हणायला काय, तो नोकरीसाठी धुळ्याला खोली घेऊन राहतो आणि शनिवारी संध्याकाळी घरी येतो. मुलगी पुण्याला शिकते. घरात आठवडाभर मी, माझे सासरे आणि काजळ. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. मूळचे धरणगावकडचे, बोलणं अजून अहिराणीच, सगळी नोकरी दीपनगरच्या वीज केंद्रात झाली. सासूबाई गेल्यावर आमच्याकडे आले ते अंगणातल्या खुर्चीत बसले, आणि त्या खुर्चीखाली काजळ बसली. मुलीनं ती पिल्लू असताना कुठल्याशा मैत्रिणीकडून आणली होती. लॅब्रॉडोरचं थोडं रक्त असावं, बाकी आपलं गावठीच. नाकापासून शेपटीपर्यंत काळीभोर, पांढरा केस म्हणून नाही. आबांनी दोन दिवस तिला घरात घ्यायला नको म्हटलं आणि तिसऱ्या दिवसापासून तिला सोडून चहा प्यायले नाहीत.

खाज

सुरुवात कानापासून झाली. डोकं झटकायची, मागच्या पायानं कान ओरबाडायची. कानातून आंबूस वास यायचा. मग पंजे चाटायला लागली, इतके की काळे केस तांबूस पडले. पोटाखालची कातडी लाल. पोट कधी बरं, कधी बिघडलेलं. उन्हाळ्यात आम्ही म्हटलं, जळगावचं ऊन आहे, माणसं खाजवतात तिथं तिचं काय. पावसाळ्यात म्हटलं, ओल आहे. थंडीत म्हणायला काही उरलं नाही, खाज मात्र तशीच होती. हेच लक्षात ठेवण्यासारखं आहे. ऋतू बदलला तरी जी खाज बदलत नाही, तिचं कारण बरेचदा ताटात असतं. पण हे मला तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं.

म्हणजे डॉक्टर होते. आमच्या घरापासून जवळच जनावरांचा एक दवाखाना आहे, तिथं जायचो. ते डॉक्टर काजळकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे नाहीत, इंजेक्शन द्यायचे आणि म्हणायचे, "खाज आली की आणा, टोचून देतो." दोन दिवसांत खाज जायची. आम्ही खूश. तीन आठवड्यांनी परत. मग परत टोचायचं. तिसऱ्या की चौथ्या खेपेला मी विचारलं, "डॉक्टर, हे नेमकं आहे काय?" ते म्हणाले, "स्किन प्रॉब्लेम." म्हणजे मी तिला कातडी खाजते म्हणून घेऊन गेले आणि त्यांनी मला सांगितलं की हिची कातडी खाजते. मी पालकांना "तुमच्या मुलाचा अभ्यास कच्चा आहे कारण तो अभ्यासात कच्चा आहे" असं सांगितलं तर ते मला शाळेच्या फाटकातून बाहेर जाऊ देतील का?

त्या इंजेक्शनांनी ती हावरट झाली, भांडंभर पाणी प्यायची, अंगणात मुतायची, धाप लागायची. हे त्या औषधामुळे होतंय हेही कुणी बोललं नाही. आबा तेवढे दवाखान्यातून येताना म्हणायचे, "बिचारीले किती टोचशात?"

सल्ले

कुत्रं खाजवायला लागलं की माणसांना बोलायला तोंड फुटतं. हळद लावा. कडुनिंबानं आंघोळ घाला. ताकानं घाला. मीठ बंद करा. अंडी चालू करा. गल्लीतल्या एका गृहस्थांनी तर गॅरेजमधून जळकं ऑइल आणून दिलं, डबा भरून. "हे चोपडा, आठ दिवसांत कातडी नवी येईल," म्हणाले. हे लोक सगळीकडे करतात, रस्त्यावरच्या कुत्र्यांना गाडीतून काढलेलं काळं तेल फासतात आणि पुण्य केल्यासारखे घरी जातात. कुत्रं ते चाटतं, ते पोटात जातं, जनावर मरूही शकतं. मी तो डबा परत नेऊन त्यांच्या दारात ठेवला आणि म्हटलं, आधी तुमच्या हाताला लावून आठ दिवस बसा. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. मला त्याची काही अडचण झाली नाही.

मग कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एके दिवशी मजकूर आला, की काही घरांत रोगट कुत्री पाळली जातात, लहान मुलांना खरूज लागू शकते, संबंधितांनी विचार करावा. संबंधित म्हणजे मीच. टाकणाऱ्या होत्या आमच्या समोरच्या भाभीजी. त्यांचं बाजारपेठेत किराण्याचं मोठं दुकान, तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं घर. बाई वाईट नाहीत. त्यांचा मोठा मुलगा मूत्रपिंडाच्या आजारानं दोन वर्षं बेजार होता आणि त्या त्याच्यामागे अर्ध्या झाल्या होत्या. पण तो मजकूर वाचून मी भडकले. मी उत्तर लिहिलं, दिलीपनं फोन करून ते पुसायला लावलं.

आणि त्याच रविवारी दिलीप म्हणाला, "यावलला काकांच्या केळीच्या बागेत सोडू तिला. मोकळी जागा आहे, राखणीला उपयोग होईल."

"बांधून ठेवतील," मी म्हटलं.

"मग काय करायचं? तिचेही हाल, आपलेही हाल. आबांना झोप नाही. तुझं सगळ्यांशी भांडण. कुत्र्यासाठी किती?"

त्याचं पूर्ण चुकत होतं असं नाही. काजळ खाजवायला लागली की तिच्या गळ्यातला पट्टा वाजायचा आणि घरातलं प्रत्येक माणूस तो आवाज ऐकत जागं असायचं. पण बागेत साखळीला बांधलेलं, अंगाची चाळण झालेलं, औषध नाही, आबा नाहीत, असं ते कुत्रं किती जगणार होतं? मी म्हटलं, एकदा धुळ्याला दाखवू. तिथं काही झालं नाही तर तू म्हणशील तसं. असं बोलून गेले आणि मग त्या शब्दाला बांधली गेले.

धुळे

धुळ्याच्या डॉक्टर बाई होत्या, वयानं माझ्याहून लहान. दिलीपच्या बँकेतल्या कुणीतरी त्यांचं नाव सांगितलं होतं. काजळला गाडीत घालून, आबांना सोबत घेऊन आम्ही गेलो. बाईंनी पहिल्यांदा काही टोचलं नाही. खाली जमिनीवर बसल्या, कान बघितले, पंज्यांच्या बोटांमध्ये बघितलं, कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. किडा नव्हता.

मग विचारलं, "ही काय खाते?"

"सगळं," मी अभिमानानं म्हटलं. "आम्ही खातो ते. दूध-पोळी, वरण-भात, वरण-बट्टी असली तर बट्टी. आबा चहात बुडवून टोस्ट देतात."

"आणि आयुष्यात कधीच काय खाल्लं नाही?"

हा प्रश्न मला कळेना. घर शाकाहारी, म्हणून मी म्हटलं, मासे. मटण. बाई म्हणाल्या, "छान. मग मासे आणि रताळं. उकडून, काटे काढून. आठ आठवडे. दुसरं काही नाही."

आबांनी घसा साफ केला. "कुत्राले कसानी ॲलर्जी, ताई? आमना गावमा कुत्रा काय बी खातस."

"खातात ना आबा," बाई म्हणाल्या. "आणि खाजवतात. तिकडे कुणी बघत नाही, एवढंच."

त्यांनी समजावलं ते असं. खाण्याची ॲलर्जी रक्ताच्या तपासणीत धड कळत नाही. जे कधी खाल्लं नाही तेच फक्त द्यायचं, बाकी सगळं बंद करायचं आणि बघायचं. अंग सुधारलं तर जुनं एकेक परत देऊन बघायचं. ज्यानं खाज परत येईल, तो चोर. मधे एक घास चुकला की पुन्हा पहिल्यापासून. बिस्किट नाही, चहात बुडवलेला टोस्ट नाही, जंताची ती मांसाच्या चवीची गोळीसुद्धा नाही. कानाला औषध दिलं, माशा-रताळ्यात जे कमी पडतं त्याची पूड दिली. हे मात्र काजळसाठी होतं. तुमच्या कुत्र्यानं काय खाल्लंय आणि काय नाही हे वेगळं असणार, तेव्हा डॉक्टरला विचारल्याशिवाय बाजारात धावू नका.

मी गाडीत बसले आणि मला रडू आलं. ती आजारी आहे म्हणून नाही. सव्वा वर्षात, इतक्या खेपांत, "ही काय खाते" हा एक प्रश्न आम्हाला कुणीही विचारला नव्हता म्हणून.

मासे

आमच्या घरात कांदा-लसणाच्या पलीकडे कशाचा वास गेलेला नाही. मी मासळी बाजारात पहिल्यांदा गेले तेव्हा कोणता मासा मागावा हेही माहीत नव्हतं. "कुत्र्यासाठी हवाय" म्हटल्यावर कोळीण हसली आणि तिनं रोहू साफ करून दिला. गच्चीवर वेगळी शेगडी, वेगळं पातेलं, वेगळी सुरी. आबा त्या दिवसांत गच्चीवर येईनात. नाकाला उपरणं लावून खाली बसायचे. मला वाटलं, चालेल, तेवढं तर तेवढं.

आणि गुण यायला लागला. मंगळवार-बुधवारपर्यंत काजळचे कान थंड असायचे. पोटाची लाली उतरायची. ती पंजे न चाटता झोपायची आणि मी शाळेत दिवसभर बरी असायचे. पण रविवार-सोमवार आला की पुन्हा लाल कान, पुन्हा पट्ट्याची किणकिण. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. दर आठवड्याला सुधारायची आणि दर आठवड्याला बिघडायची. बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "कुणीतरी काहीतरी देतंय. शोधा."

मी शोधलं ते दिलीपला. शनिवारी संध्याकाळी हा येतो आणि रविवारी ती बिघडते, मग दुसरं कोण? मी त्याची बॅग उचकटली, त्याला म्हटलं, धुळ्याहून तिला काय चारतोस ते खरं सांग. तो आधी हसला, मग चिडला, मग म्हणाला, "बघ, मी सांगितलं होतं. हे मासे-बिसे थोतांड आहे. महिनाअखेर काकांना फोन करतो." मी म्हटलं, कर. इतकी मी तोवर थकले होते. रागावायलाही अंगात जोर लागतो.

शनिवार

आमची शाळा शनिवारी सकाळची असते. एका शनिवारी शाळेच्या टाकीत पाणीच नव्हतं, म्हणून प्रार्थना झाल्यावर मुलांना सोडलं. मी घरी लवकर आले. तर आमच्या फाटकाशी गाड्या उभ्या. मला वाटलं, आबांना काही झालं.

आबा मस्त होते. धुतलेला सदरा, टोपी, खुर्ची फाटकाच्या आत ओढलेली. समोर चार-पाच माणसं रांगेत. प्रत्येकाच्या हातात स्टीलची ताटली, ताटलीत तेल चोपडलेली गव्हाची पोळी. एकीच्या ताटलीत पोळीवर गूळही होता. आबा एकेकाला आत घेत होते, "या भाऊ, या अक्का, चावत नही ती, हातथून द्या," आणि काजळ, दीड वर्षं अंग फाडून घेतलेली ती काजळ, शहाण्यासारखी बसून एकेकाच्या हातून पोळीचा तुकडा घेत होती. देणारा डोळे मिटून हात जोडत होता. रांगेत सर्वांत पुढे होत्या भाभीजी.

मला कळायला एक क्षण लागला. शनीची पीडा असली की शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घालायची, हे मलाही माहीत होतं, इथं कोणाला माहीत नसतं. कुणी महाराजांनी बाजारपेठेतल्या बऱ्याच जणांना तो उपाय सांगितला होता. रस्त्यावरची काळी कुत्री पळतात, चावतात, एखादी पूर्ण काळी नसते. आमची काजळ पूर्ण काळी, अंगावर येत नाही, पत्ता कायमचा. सगळ्या पेठेची साडेसाती माझ्या कुत्रीच्या पोटात जात होती.

मी तिथं जे बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. ताटल्या घेऊन माणसं निघून गेली. भाभीजी तेवढ्या थांबल्या. म्हणाल्या, "मॅडम, एका रोटीनं काय होतं? श्रद्धेची आहे."

"भाभीजी, तुम्हीच ग्रुपवर टाकलं होतं ना, रोगट कुत्री म्हणून? रोगट आहे तर तिच्या तोंडातून पुण्य कसं मागता? आणि पुण्य मागता तर तिच्या अंगाकडे एकदा बघा तरी."

मी थांबायला हवं होतं, पण मी थांबले नाही. "तुमच्या मुलाला डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. त्याच्या ताटात मी श्रद्धेनं लोणचं वाढलं तर चालेल?"

भाभीजींचा चेहरा पडला. त्या ताटली पदराखाली घेऊन रस्ता ओलांडून गेल्या. त्यांना लागलं हे मला दिसलं आणि त्या घटकेला मला बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग मी आबांकडे वळले. आबा खुर्चीतून उठले नव्हते. म्हणाले, "दारवर येल माणूसले नही कसं म्हणानं, पोरी? पुण्यनं काम शे. बठ्ठा लोके किती आशा धरीसन येतस."

"आबा, डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते तुम्ही तिथं बसून ऐकलं होतं."

"एक-एक घास तर खास ती."

एक-एक घास. मी आत गेले, पातेलं ओट्यावर आपटलं आणि दार लावून घेतलं. माझा राग महाराजांवर होता, रांगेवर होता, पण सगळ्यात जास्त आबांवर होता, कारण बाकीच्यांचं ते कुत्रं नव्हतं. त्यांचं होतं. रात्री खाज आली की तेच उठून तिच्या पाठीवरून हात फिरवत बसायचे, आणि शनिवारी सकाळी तेच फाटक उघडायचे. या दोन गोष्टी एका माणसात कशा राहतात, ते मला कळत नव्हतं.

अबोला

त्यानंतर आबांशी माझं बोलणं बंद झालं. मी जेवायला वाढायचे, औषधं पुढे ठेवायचे, पण बोलायचे नाही. दिलीपला सगळं सांगितलं तेव्हा त्यानं खाली बसून काजळचा कान उलटून बघितला. म्हणाला, "काकांना इतक्यात फोन नाही करत." माझ्यावर बॅग उचकटल्याचा राग होताच, पण तो त्यानं पुढे ढकलला, आणि मी ते उपकार म्हणून घेतले.

काजळची परीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. फाटकाला मी कुलूप लावलं. शनिवारी सकाळी बेल वाजायची आणि मी शाळेत असायचे, त्यामुळे आत आबा काय करतात हे मला कळायला मार्ग नव्हता. शेजारच्या घरातून एकदा कानावर आलं, की आबा आता खुर्ची मागच्या अंगणात नेऊन बसतात आणि बेल वाजली की उठत नाहीत.

एका दुपारी मी घरी आले तर आबा गच्चीवर होते. नाकाला उपरणं बांधलेलं, पुढ्यात ताट, ताटात उकडलेला मासा. ते काटे काढत होते. ज्यांनी पंचाहत्तरी ओलांडेपर्यंत अंड्याला हात लावला नाही, ते बोटांनी मासा चाचपून केसाएवढे काटे वेगळे करत होते. काजळ पलीकडे बसून वाट बघत होती. त्यांनी मान वर न करता विचारलं, "हाई मन्हामुळे व्हयनं का, पोरी?"

नाही म्हणणं सोपं होतं. मी म्हटलं, "थोडंसं तुमच्यामुळे, आबा. बाकी आम्हा सगळ्यांमुळे."

त्यांनी मान हलवली आणि पुढचा तुकडा घेतला. त्या दिवसापासून मासा त्यांच्याकडे गेला. मला एकदाही काटा सापडला नाही.

चोर सापडला

या खेपेला काजळ रविवारीही चांगली राहिली, सोमवारीही. हळूहळू पोटावर केस आले. पंजे पुन्हा काळे झाले. तिच्या अंगाला कुत्र्याचाच वास यायला लागला, आंबूस नाही. महिना गेला, दुसराही सरत आला. तिचं अंग पाहून दिलीप एका रविवारी तिच्याशेजारी फरशीवर आडवा झाला आणि तिथंच झोपला. यावलचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

मग परत जुनं एकेक देऊन बघायचं होतं. आधी भात. काही नाही. मग दूध. सगळे छातीठोक सांगत होते, दूधच असणार, कुत्र्याला दूध पचत नाही. दुधानं काही झालं नाही. मग गहू.

बरं झालेल्या जिवाला हातानं आजारी पाडायचं, हे मनाला पटायला फार कठीण जातं. बाई फोनवर म्हणाल्या, "नाही दिलं तर आयुष्यभर अंदाजानं चालाल." मी पोळी लाटली, भाजली, आबांच्या हातात दिली. त्यांनी ती परत माझ्या हातात दिली. "मन्हाकडतून ते व्हवाव नही. तू दे."

मी दिली. काजळनं आनंदानं खाल्ली, तिला बिचारीला काय माहीत. दुसऱ्या दिवशीही दिली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं डोकं झटकलं. चौथ्या दिवशी कान लाल. आबा तिचा कान दोन बोटांत धरून बघत बसले. आम्ही पोळी थांबवली, कान निवले. डॉक्टरबाईंनी सांगितलं, आता नाव घेऊन सांगा सगळ्यांना, हिला गहू चालत नाही. आता ती ज्वारीची भाकरी खाते, भात खाते, दूध पिते, मासा तर तिला आता सुटत नाही. पोळी, टोस्ट, बिस्किट, बट्टी कधीही नाही. इतका सोपा हा आजार होता.

पुन्हा शनिवार

फाटकावर मी पाटी लावली. खडूनं नाही, रंगवून घेतली. "कुत्रीला काहीही खायला देऊ नये." बहुतेकांनी ती वाचली आणि दुसरं काळं कुत्रं शोधलं. एक-दोघांनी आडूनपाडून बोलून दाखवलं की आजकाल लोक पुण्याच्याही आड येतात. मी त्यांना नावानिशी ओळखते.

दिवाळीच्या सुट्टीतल्या एका शनिवारी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. आबा फाटकाशी बसले होते, काजळ खुर्चीखाली. भाभीजी आल्या. त्या भांडणानंतर पहिल्यांदाच. हातात ताटली, ताटलीत तेल लावलेली पोळी. पाटी त्यांच्या छातीइतक्या उंचीवर होती, दिसली नसेल असं होणंच शक्य नव्हतं.

मी पिळलेली चादर तशीच दोरीवर टाकली आणि निघाले. भाभीजींनी मला बघितलं, पण त्या मागे सरल्या नाहीत. "मॅडम, रागवा तुम्ही," त्या म्हणाल्या. "मुलाला परत ॲडमिट केलंय. डायलिसिसला नेलंय सकाळी. महाराज म्हणाले, मधेच खंड पडला म्हणून झालं. दुसऱ्या कुत्र्याच्या मागं मी सकाळपासून फिरले, एकही जवळ येत नाही."

त्यांच्या साडीला काठाशी चिखल लागला होता. मला त्या महाराजाचा संताप आला. मरणाच्या दारात पोरगा असलेल्या बाईला उन्हात कुत्र्यांमागे पळवणारा हा कोण? आणि भाभीजींचाही आला, कारण सगळं माहीत असून त्या पुन्हा माझ्याच दारात आल्या होत्या. आणि वाईटही वाटलं.

आबा उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. फाटक उघडलं. मी म्हटलं, "आबा." त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. भाभीजींच्या हातातली ताटली घेतली, परत खुर्चीत बसले. काजळ उठून नाक वर करायला लागली तशी तिला पायानं मागे सारलं.

"काया मी बी शे, भाभी," आपल्या काळ्या कातडीवर बोट टेकवत ते म्हणाले. "हाई मी खासू. तुम्हना पोऱ्या बरा व्हई."

आणि त्यांनी पोळीचा घास मोडला आणि तोंडात घातला. कुत्र्यानं पोळी संपवेपर्यंत जागचं हलायचं नसतं, तशा भाभीजी पदर डोक्यावरून घेऊन, हात जोडून उभ्या राहिल्या. आबा कवळीनं सावकाश चावत होते. सकाळची पोळी, नुसतं तेल लावलेली, दुपारपर्यंत चामड्यासारखी झालेली. त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती हे मला दिसत होतं.

माझा राग गेला नव्हता. पण तिथं उभं राहून तो कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून मी आत गेले आणि त्यांच्यासाठी शेंगदाण्याची चटणी घेऊन आले.